लाईट गेल्यावरच्या लाईटसाठी बॅटरी : कोणती, किती आणि कशी घ्यायची

कोल्हापुरात लाईट तीन तऱ्हांनी जाते. उन्हाळ्यात वळीव आला, फांदी तारेवर पडली, की अर्धा-एक तास. पावसाळ्यात गगनबावडा, राधानगरी, आजऱ्याकडं लाईन तुटली की रात्रभर, कधी दोन-दोन दिवस. आणि पंचगंगेला महापूर आला, जसा ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये आला, की डीपी पाण्यात जातात, पुरवठा मुद्दाम बंद ठेवावा लागतो आणि कित्येक रात्री अंधारात काढाव्या लागतात. या तिन्ही अंधारांना एकच बॅटरी पुरी पडत नाही. खोक्यावर मात्र सगळीकडं 'लाँग बॅकअप' एवढंच छापलेलं असतं.

इमर्जन्सी लाईटच्या बॅटऱ्या वापरून कमी मरतात, पडून राहून जास्त मरतात. एक तर वर्षभर निकृष्ट चार्जरला लटकून शिजतात, नाही तर कपाटात रिकाम्या पडून खलास होतात. म्हणून 'किती एएच?' (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत किती साठा मावतो) हा प्रश्न दुसरा. लाईट असते त्या दिवसांत ही बॅटरी कुठं आणि कशी पडून असणार, हा पहिला.

१. बॅटरी कशी पडून राहणार, ते ठरवा

कायम प्लगला : जिना, दवाखाना, दुकान, मंगल कार्यालय. लाईट गेली की आपोआप लागणारा दिवा. या बॅटरीला बारा महिने चार्जिंग सोसायचं असतं. इथं सीलबंद लेड, म्हणजे शिशाची बॅटरी, चालते, निकेल-कॅडमियम चालते, आणि चार्जर त्याच जातीचा असेल तर लिथियम आयर्न फॉस्फेट (पुढं नुसतं 'फॉस्फेट') उत्तम.

कपाटात : टॉर्च, छोटा कंदील, प्रवासाचा दिवा. इथं बॅटरी आपोआप किती उतरते याला महत्त्व. हळू उतरणारे निकेल-मेटल हायड्राइडचे पेन्सिल सेल किंवा फॉस्फेट घ्या. लेड इथं नको.

रोजच्या वापरात : रात्रपाळीनं उसाला पाणी पाजणारे, गुऱ्हाळवाले, संध्याकाळचे गाडेवाले. इथं किती वेळा भरून-रिकामी होते ते बघायचं. लेड बॅटरी रोज पूर्ण रिकामी केली तर दोनशे-तीनशे वेळांत दमते. फॉस्फेट दोन हजारांच्या पुढं जाते.

२. वॅट आणि तासांचा हिशोब

एएच हा अर्धवट आकडा आहे. ६ व्होल्टची ४.५ एएच आणि ३.७ व्होल्टची ४.५ एएच या सारख्या नव्हेत. व्होल्टला एएचनं गुणा, वॅट-तास येतात. तुलना त्याचीच करा.

६ व्होल्ट ४.५ एएच लेड : २७ वॅट-तास
१२ व्होल्ट ७ एएच लेड : ८४ वॅट-तास
३.२ व्होल्ट ६ एएच फॉस्फेटचा एक सेल : १९.२ वॅट-तास
३.६ व्होल्ट २६०० एमएएच (हजार एमएएच म्हणजे एक एएच) लिथियम-आयनचा एक सेल : साधारण ९.४ वॅट-तास
१.२ व्होल्ट २००० एमएएच पेन्सिल सेल : २.४ वॅट-तास, म्हणजे चार सेल मिळून ९.६

आता गरज. चांगली एलईडी वॅटमागं शंभर लुमेनच्या आसपास उजेड देते. जिना, बोळ, न्हाणीघर यांना १ वॅट भरपूर. स्वयंपाकघराला ३ वॅट. पोरं अभ्यासाला बसणार असतील तर टेबलावर ३ ते ५ वॅट, पण दिवा खाली आणा. छताला लावून वॅट वाढवण्यात अर्थ नाही.

पुराच्या रात्रीचा हिशोब असा : स्वयंपाकघर ३ वॅट × ४ तास = १२, जिना १ वॅट × १० तास = १०. एका रात्रीला २२, तीन रात्रींना ६६ वॅट-तास. एलईडीला करंट पुरवणाऱ्या ड्रायव्हर सर्किटमध्ये दहा-पंधरा टक्के जातात. शिवाय बॅटरी तळापर्यंत ओढायची नसते : लेड निम्मी वापरायची, फॉस्फेट ८० ते ८५ टक्के. म्हणून या ६६ साठी लेड घेतली तर सुमारे १५५ वॅट-तास, म्हणजे १२ व्होल्ट ७ एएचच्या दोन बॅटऱ्या. फॉस्फेट घेतली तर सुमारे ९१, म्हणजे ६ एएचचे पाच सेल. वजनातला फरक हातात घेतल्यावर कळतो : त्या दोन लेड बॅटऱ्या चार-पाच किलोच्या, हे पाच सेल पाऊण किलोच्या आत.

लेडच्या एएचमध्ये आणखी एक खोच आहे. ४.५ एएच हा आकडा २० तासांत सावकाश रिकामी करण्याचा आहे, म्हणजे साधारण पाव अँपिअरनं. तासाभरात ओढून काढायला गेलात तर साठ टक्क्यांच्या आसपासच हाती लागतं. छोट्या एलईडीला याचा त्रास नाही. जुना फ्लुरोसंट नळीचा लाईट आणि त्यावर पंखाही असेल तर खोक्यावरचे तास विसरा.

३. पाच जाती, आणि कुठली कुठं

सीलबंद लेड-अ‍ॅसिड. दुकानात हिला 'ड्राय बॅटरी' म्हणतात. कोरडी काही नसते, आतलं अ‍ॅसिड काचेच्या लोकरीत शोषलेलं असतं. दोन मापं सगळीकडं मिळतात : ६ व्होल्ट ४.५ एएच (७० × ४७ मिमी तळ, दहा सेंटिमीटर उंच) आणि १२ व्होल्ट ७ एएच (१५१ × ६५ मिमी). स्वस्त, कुठंही बदलून मिळते, भंगारालाही भाव. कायम प्लगला असेल तर ६ व्होल्टवाल्या बॅटरीवर चार्जरनं ६.७५ ते ६.९ व्होल्ट धरायला हवेत, १२ व्होल्टवाल्यावर १३.५ ते १३.८. याच्या वर महिनोन् महिने राहिली की आतलं पाणी उडतं आणि डबा फुगतो. याच्या खाली राहिली तर कधीच पूर्ण भरत नाही.

लेडचा खरा शत्रू रिकामं पडून राहणं. ६ व्होल्टची ५.२५ च्या खाली आणि १२ व्होल्टची १०.५ च्या खाली गेली आणि तशीच काही आठवडे पडली, तर प्लेटांवर सल्फेटचे कठीण स्फटिक बसतात आणि बॅटरी चार्ज घेत नाही. ओळखायची खूण : प्लगला लावल्या लावल्या चार्जरचा हिरवा दिवा लागतो, व्होल्टेज भराभर चढतं, आणि लाईट पाच मिनिटांत विझते. याचं नेहमीचं कारण क्षुल्लक असतं. पावसाळा संपल्यावर लाईटचा प्लग काढून ती माळ्यावर टाकतात आणि मागचा स्विच चालूच राहतो. प्लग काढला म्हणजे लाईटच्या हिशोबानं करंट गेला. ती इमानानं रात्रभर जळते आणि मग चार महिने शून्यावर पडून राहते. माळ्यावर टाकण्याआधी स्विच बंद आहे ना, तो स्वतः दाबून बघा.

उष्णतेचंही तसंच. २५ अंशांच्या वर दर दहा अंशांमागं लेडचं आयुष्य साधारण निम्मं होतं. पत्र्याच्या शेडमध्ये, वरच्या अंगाला टांगलेली बॅटरी एप्रिल-मेमध्ये काय सोसते ते यावरून ओळखा. खाली, भिंतीच्या सावलीच्या बाजूला लावा.

निकेल-कॅडमियम. घरात नवीन घेऊ नका. पण दवाखाना, थिएटर, हॉटेल इथल्या 'एक्झिट' पाट्यांत ती पूर्वीपासून असते आणि उष्णता व कायमचं चार्जिंग ती चांगलं सोसते. बदलताना त्याच जातीची, त्याच व्होल्टेजची आणि त्याच एएचची घ्या. ३.६ व्होल्टच्या पॅकवर 'लिथियमही ३.६ चीच असते की' म्हणून लिथियम बसवणारे कारागीर भेटतात. त्या पाटीतला चार्जर न थांबता बारीक करंट देत राहतो. निकेलला ते चालतं, लिथियम त्यानं पेटू शकते. नवीन पॅक बसवल्यावर २४ तास चार्ज होऊ द्या, मगच बॅकअप मोजा. कॅडमियम विषारी आहे, जुना पॅक कचऱ्यात टाकायचा नाही.

निकेल-मेटल हायड्राइड. टॉर्चचे चार्जिंगचे पेन्सिल सेल म्हणजे हे. यात दोन पोटजाती आहेत आणि गफलत इथंच होते. साधे सेल काही महिन्यांत आपोआप रिकामे होतात. 'लो सेल्फ डिस्चार्ज' किंवा 'रेडी टू यूज' असं लिहिलेले सेल वर्षभरानंतरही सत्तर टक्क्यांच्या वर भरलेले राहतात. कपाटातल्या टॉर्चला हेच घ्या. यांचा एमएएच आकडा कमी दिसतो, २००० च्या आसपास, आणि गिऱ्हाईक २७०० वाल्याकडं वळतं. वळू नका. पेन्सिल सेलवर ३००० च्या वरचा आकडा दिसला तर तो सेल आहे तिथंच परत ठेवा.

तीन सेलच्या टॉर्चमध्ये चार्ज न होणारे नेहमीचे सेल ४.५ व्होल्ट देतात, हे ३.६ देतात. एलईडी टॉर्च थोडी मंद पण नीट चालते; जुन्या बल्बची टॉर्च पिवळी पडते. एकत्र घेतलेले सेल एकत्रच वापरा आणि मार्करनं अंगावर 'अ', 'ब' असं लिहून ठेवा. नवा-जुना मिसळला की अशक्त सेल आधी रिकामा होतो, बाकीचे त्याला उलट्या दिशेनं ढकलतात आणि तो कायमचा जातो.

लिथियम-आयन. पॉवर बँक, चार्जिंगचे बल्ब, आजकालच्या बहुतेक टॉर्च यांच्यात हीच. हलकी, ताकदवान. पूर्ण भरली की ४.२ व्होल्ट, ३ व्होल्टच्या आसपास थांबावं. १८६५० नावाचा सेल १८ मिमी जाड आणि ६५ मिमी लांब असतो. चांगल्या कंपनीचा साधारण ३५०० एमएएचपर्यंत आणि वजन ४५ ते ५० ग्रॅम. ५००० किंवा ९९०० छापलेला सेल खोटा, हे सांगायला यंत्र नको. किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवा, पस्तीसच्या खाली भरला की समजा. हिला पूर्ण भरलेल्या अवस्थेत आणि उष्णतेत पडून राहणं मानवत नाही. पडून राहायची असेल तर निम्मी भरून ठेवा. पण इमर्जन्सी लाईट निम्मी भरून ठेवण्यात मजा काय, म्हणूनच घरच्या मुख्य लाईटसाठी ही पहिली पसंती नव्हे.

चार्जिंगच्या बल्बबद्दल इथंच सांगून टाकू. होल्डरमध्ये बसवलेला हा बल्ब लाईट गेली की लागतो, कारण स्विच चालू असल्यावर बाकीच्या उपकरणांतून आणि वायरिंगमधून सर्किट पूर्ण झालेलं त्याला कळतं. पुराच्या वेळी तुम्ही मेन स्विच पाडता, आणि पाडलाच पाहिजे. मग बऱ्याचदा सर्किट तुटतं आणि बल्बला वाटतं, कुणीतरी त्याचाच स्विच बंद केला. तो लागत नाही. बल्ब खराब झालेला नसतो. होल्डरमधून काढा आणि सोबत मिळालेली हुकवाली टोपी त्याला बसवा, लागेल. ती टोपी लोक खोक्याबरोबर फेकून देतात. तसं करू नका, बल्बशेजारी खिळ्याला अडकवून ठेवा. आणि हा बल्ब बंद काचेच्या ग्लोबमध्ये कधीच नको, स्वतःच्या उष्णतेनं त्याची बॅटरी लवकर जाते.

लिथियम आयर्न फॉस्फेट. घरच्या आणि दुकानाच्या लाईटसाठी आज नव्यानं घेणार असाल तर माझं मत हिच्या बाजूनं. सेलला ३.२ व्होल्ट, पूर्ण चार्जला ३.६५, खाली २.५ च्या पुढं नेऊ नये. चार सेलचा पॅक १२.८ व्होल्टचा, चार्जिंग १४.४ ते १४.६ वर. लिथियम-आयनपेक्षा उष्णता जास्त सोसते, सहजी पेट घेत नाही, महिन्याला दोन-तीन टक्केच उतरते, आणि रिकामी पडली तरी लेडसारखं सल्फेट चढत नाही. पहिल्या खरेदीला महाग पडते, एवढंच.

हिच्या दोन गोष्टी लेडची सवय असलेल्या माणसाला फसवतात. एक, व्होल्टेज जवळजवळ सपाट राहतं. लेडला १२.८ म्हणजे भरलेली, हिला १३.१ दाखवत असतानाही निम्मी संपलेली असू शकते. मीटर बघून उरलेलं ओळखू येत नाही, जळलेले तास मोजायचे. दोन, आतलं संरक्षक सर्किट, म्हणजे बीएमएस, फार खाली गेल्यावर बॅटरी तोडतं आणि मीटरवर शून्य दिसतं. ती मेलेली नसते. तिच्या जातीचा चार्जर लावला की जागी होते. साधा लेडचा चार्जर कधी कधी समोर व्होल्टेजच नाही म्हणून चालूच होत नाही, आणि चांगली बॅटरी भंगारात जाते.

४. '१२ व्होल्ट लिथियम' नावाचा सापळा

या नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. फॉस्फेटचे चार सेल म्हणजे १२.८ व्होल्ट. लिथियम-आयनचे तीन सेल म्हणजे ११.१ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर १२.६. दोन्हींच्या प्लॅस्टिक वेष्टनावर '१२ व्ही लिथियम' छापलेलं. दुकानदाराला एकच विचारा : 'हिला चार्जर किती व्होल्टचा लागतो?' १४.६ म्हणाला तर फॉस्फेट, १२.६ म्हणाला तर लिथियम-आयन. 'कुठलाही चालतो' म्हणाला तर दुसरं दुकान बघा. तीन सेलचा पॅक तुमच्या जुन्या लेडच्या १४.४ व्होल्टच्या चार्जरवर लावलात तर प्रत्येक सेलवर ४.८ व्होल्ट येऊ शकतात, आणि मध्ये फक्त एक स्वस्त बीएमएस उभं असतं. आग इथूनच लागते.

छोट्या सर्किटांचंही तेच. बाजारात मिळणारं टीपी४०५६ नावाचं चार्जिंगचं मॉड्यूल ४.२ व्होल्टचं, लिथियम-आयनसाठी. फॉस्फेटच्या सेलला ते लावायचं नाही.

५. जुन्या लाईटमध्ये बॅटरी बदलताना

हाताशी हे ठेवा :
मल्टिमीटर
चपटा आणि फुली स्क्रू-ड्रायव्हर, पक्कड
सोल्डरिंग आयर्न, इन्सुलेशन टेप, स्लीव्ह
२ अँपिअरचा काचेचा फ्यूज आणि त्याचा होल्डर
०.७५ चौरस मिमीची लाल-काळी वायर
पेट्रोलियम जेली
जुनी बॅटरी, किंवा तिच्या लेबलचा मोबाईलवर काढलेला फोटो

झाकण उघडण्याआधी प्लग भिंतीतून काढा. नुसता स्विच बंद करून भागत नाही. स्वस्त लाईटमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो, एका कपॅसिटरवरून थेट २३० व्होल्टमधून चार्जिंग केलेलं असतं. प्लग लावलेला असताना अशा लाईटच्या ४ व्होल्टच्या बॅटरीच्या टोकालाही शॉक बसतो, आणि तो जीवघेणा असू शकतो. प्लग काढल्यावरही मिनिटभर थांबा.

मग जुन्या बॅटरीचं लेबल वाचा : जात, व्होल्ट, एएच. जात तीच ठेवा. एएच थोडा जास्त चालतो, डब्यात बसत असेल तर. फक्त चार्ज व्हायला तेवढाच जास्त वेळ लागेल. लाल वायर अधिकला, काळी उण्याला; काढण्याआधी फोटो घ्या, कारण काही लाईटमध्ये दोन्ही वायर एकाच रंगाच्या निघतात. अधिक टोकापासून जवळच फ्यूज घाला. चपट्या टोकांच्या क्लिपा सैल वाटल्या तर पक्कडीनं जराशा दाबा. सैल क्लिप गरम होते आणि प्लॅस्टिक वितळतं. शेवटी टोकांना जेलीचा पातळ हात द्या, इथल्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत त्याशिवाय हिरवा गंज चढतोच.

लेड काढून फॉस्फेट बसवायची असेल तर चार्जिंगचं सर्किटही बदलायचं, असं धरून चाला. ६ व्होल्ट लेडच्या जागी दोन सेल (६.४ व्होल्ट) बसतात खरे, आणि चार्जर नीट ६.९ वर थांबत असेल तर चालतंही. पण तो थांबतो का, ते बॅटरी लावून, पूर्ण भरल्यावर, मीटरनं मोजल्याशिवाय मानायचं नाही. ७.३ च्या पुढं गेला तर तो चार्जर बाद. बीएमएस दोन्ही वेळेला हवंच. लिथियमच्या कुठल्याही सेलवर थेट सोल्डरिंग करू नका, आतला पडदा उष्णतेनं बिघडतो. निकेल पट्टी वेल्ड केलेले सेल मागून घ्या.

६. दुकानात उभं असताना

शाहूपुरीत घ्या, राजारामपुरीत घ्या, की ऑनलाईन मागवा, तपासणी तीच.

उत्पादनाची तारीख बघा. लेड बॅटरी दुकानाच्या फळीवरही म्हातारी होते. सहा महिन्यांपेक्षा जुनी आणि मधे चार्ज न केलेली घेऊ नका.

मीटर लावायला सांगा. ६ व्होल्टची ६.३ च्या खाली, १२ व्होल्टची १२.६ च्या खाली दाखवत असेल तर नको. 'चार्ज केली नाही म्हणून कमी दिसतंय' हे उत्तर खरं असतं, आणि न घेण्याचं कारणही तेच असतं.

लिथियम आणि निकेलच्या पॅकवर भारतीय मानक ब्यूरोची खूण शोधा : आयएस १६०४६ आणि 'आर'नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक.

बिलावर बॅटरीचा अनुक्रमांक लिहून घ्या आणि वॉरंटी कार्डावर तारखेसह शिक्का. दोन्हींचा फोटो काढा. थर्मल कागदाचं बिल वर्षात पांढरं होतं. बिल नसेल तर वॉरंटी नाही, मग दुकानदार कितीही ओळखीचा असो.

पेन्सिल सेलचा चार्जर घेताना प्रत्येक सेलला वेगळा दिवा असलेला घ्या. एक दिवा दोन सेलना, अशा चार्जरमध्ये एक सेल कायम उपाशी आणि एक अजीर्ण झालेला राहतो.

मंगल कार्यालय, दवाखाना, मोठी इमारत यांच्यासाठी घेत असाल तर आणखी एक. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार बाहेर पडण्याच्या वाटेवरचा आणीबाणीचा उजेड किमान दीड तास टिकायला हवा. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याखाली जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून 'नमुना ब' प्रमाणपत्र घ्यावं लागतं, तेव्हा या दिव्यांची नोंदवही कामाला येते. महिन्यातून एकदा टेस्टचं बटण, वर्षातून एकदा पूर्ण दीड तास जाळून बघणं, तारीख आणि सही.

७. घरी आणल्यावर मोजून बघा

पूर्ण चार्ज करा. लेडला करंट एएचच्या एक दशांश ठेवला तर बारा-चौदा तास लागतात. चार्जर काढून दोन-तीन तास थांबा, मग व्होल्टेज बघा. ताजं मोजलं तर फुगवून दाखवतं.

१२ व्होल्ट ७ एएचसाठी सोपी परीक्षा : मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानातून १२ व्होल्ट २१ वॅटचा इंडिकेटर बल्ब आणा आणि जोडा. तो पावणेदोन अँपिअर ओढतो. दर अर्ध्या तासाला व्होल्टेज लिहा, १०.५ आला की बल्ब काढा. नवी बॅटरी तीन तासांच्या आसपास जाते. दोन तासांच्या आत संपली तर बिल घेऊन लगेच दुकानात जा. बल्ब चांगलाच तापतो. फरशीवर ठेवा, टेबलक्लॉथवर नको. परीक्षा संपल्यावर त्याच दिवशी पूर्ण चार्ज करा.

छोट्या लाईटला तिचाच दिवा जाळून तास मोजा आणि तो आकडा तारखेसह टेपवर लिहून मागं चिकटवा. पुढच्या मे महिन्यात पुन्हा मोजा. साठ टक्क्यांवर आली की पावसाळ्याची वाट बघू नका.

८. मे महिन्यातली तयारी आणि पुराचे दिवस

लेड : दर तीन महिन्यांनी पूर्ण चार्ज, वापरली असो नसो. फॉस्फेट : सहा महिन्यांनी. हळू उतरणारे पेन्सिल सेल : वर्षातून एकदा पुरतं, मे महिन्यात. लिथियम-आयनची टॉर्च : एरवी निम्मी, जूनपासून पूर्ण.

राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली किंवा पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट या इशारा पातळीला पोहोचलं, की सगळं एकदम चार्जिंगला लावा. धोक्याची पातळी ४३ फूट आहे. तिथवर थांबलात तर सखल भागात चार्जिंगला लाईट उरेलच असं नाही. इन्व्हर्टरची मोठी ट्यूब्युलर बॅटरी पन्नास किलोच्या वर असते. ती उचलायला दोन माणसं आणि वर ठेवायची जागा आधी ठरवा, पाणी उंबऱ्याला लागल्यावर नव्हे. वायरी काढताना उणे टोक आधी. बंद कपाटात ठेवू नका, चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो.

शेतकऱ्यांच्या घरात एक तयार बॅटरी असते, तिच्याकडं लक्ष जात नाही : फवारणीच्या बॅटरी पंपाची. बहुतेक पंपांत १२ व्होल्ट ८ एएचच्या आसपासची असते. ५ वॅटचा १२ व्होल्ट डीसी एलईडी बल्ब, दोन क्लिपा आणि फ्यूज एवढं आधी जोडून ठेवलं तर तिच्यावर बारा-चौदा तास उजेड मिळतो. साधा २३० व्होल्टचा एलईडी बल्ब यावर लागणार नाही, 'डीसी १२ व्ही' लिहिलेलाच आणा. बॅटरी काढताना पंपाच्या टाकीतलं औषध आधी धुऊन टाका, हातमोजे घाला.

पुराच्या पाण्यात बुडालेली लिथियमची कुठलीही वस्तू, पॉवर बँक असो की बल्ब, वाळवून पुन्हा चार्ज करायची नाही. आत गेलेला गाळ आणि गंज काही दिवसांनीही शॉर्ट करतो. घराबाहेर, पेटणाऱ्या सामानापासून लांब ठेवा. सीलबंद लेड बुडाली तर स्वच्छ पाण्यानं धुवा, पूर्ण वाळवा, टोकं घासा आणि सातव्या पायरीची परीक्षा पुन्हा घ्या. घरातला मेन स्विच मात्र वायरमनकडून तपासणी झाल्याशिवाय चालू करू नका. तार तुटलेली किंवा डीपी ठिणग्या टाकताना दिसला तर १९१२ वर कळवा.

९. जुनीचं काय करायचं

लेड बॅटरी नवी घेताना दुकानात परत द्या, वजनावर पैसे कमी होतात. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ सगळ्या जातींना लागू आहेत. पेन्सिल सेल, कॅडमियमचे पॅक आणि लिथियमही घंटागाडीत टाकायचे नाहीत, बॅटरी किंवा ई-कचरा गोळा करणाऱ्याकडंच द्यायचे. देईपर्यंत दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावून प्लॅस्टिकच्या डब्यात वेगवेगळे ठेवा. फुगलेला लिथियम पॅक टोचून हवा काढायचा प्रयत्न कुणी करत असेल तर त्याच्या हातातून तो काढून घ्या आणि मातीच्या कुंडीत, वाळूवर, अंगणात ठेवा.